वाफ थांबेपर्यंत

आमच्या गल्लीतली भांडणं लवकर मिटत नसत. स्वभाव हे एक कारण होतंच, ते मी नाकारत नाही, पण मोठं कारण म्हणजे वाफ.

गल्लीच्या टोकाला वीज प्रकल्पाची भिंत आहे. भिंतीपलीकडचं गॅसवर चालणारं जुनं यंत्र सगळा वेळ चालत नसे. शहरात विजेची ओढ वाढली की ते सुरू करायचे, कमी झाली की बंद करायचे, आणि दोन्ही वेळेला जादा वाफ वरच्या नळातून सोडून द्यायचे. तो आवाज असा, की शेजारच्याने कानाशी तोंड आणून बोंब मारली तरी नुसते ओठ हलताना दिसायचे. म्हणून वाफ सुटली की गल्ली गप्प व्हायची. शब्द अर्धा असेल तर अर्धाच. वाफ बंद झाली की ज्याचा शब्द तुटला असेल तो तिथूनच पुढे बोलायचा, आणि त्याचं पुरं होईपर्यंत दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. मध्येच आपलं घोडं दामटणारा माणूस गल्लीत बिनवळणाचा ठरायचा.

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला आधी हे शिकवलं, चहात साखर किती ते नंतर. मी पहिल्यापासून तडतडी. एकदा स्वयंपाकघरात आमचं चांगलंच जुंपलं आणि मी म्हणाले, "तुम्ही ना, एक नंबरच्या..." तेवढ्यात वाफ सुटली. त्या हातात झारा घेऊन, मी पोळपाट घेऊन, दोघी एकमेकींकडे बघत उभ्या. वाफ काही संपेना. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि नुसती लाज उरली. आवाज थांबला. त्या वाट बघत होत्या.

"...सुगरण आहात," मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत, पण त्या दिवशी मला जेवायला जरा जास्तच वाढलं.

माझं केस कापायचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत आहे. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा. वाफ सुटली की आरसा बारीक थरथरायचा आणि आतलं गिऱ्हाईक धूसर व्हायचं, मग मी कात्रीही थांबवायची. बाहेरून आलेली माणसं गांगरायची. एकदा एक विमा विकणारा भर वाफेत बोलत राहिला. आम्ही सगळे गप्प त्याच्याकडे बघतोय म्हटल्यावर बिचाऱ्याला वाटलं, आज आपली चांदी झाली.

माझी मुलगी बोलायला लागली आणि थांबेचना. सकाळी डोळा उघडल्यापासून तोंडाचा पट्टा सुरू. सासूबाईंनी तिचं नावच टकळी ठेवलं आणि तेच चिकटलं. भिंतीवरच्या पालीशी बोलायची, बुटांशी बोलायची, माझ्या गिऱ्हाइकांना केस कसे कापून घ्यावेत हे सांगायची. बापाची तर ती शेपटी. तो घरी आला की त्याला खाली बसवायची आणि कानात गुपितं सांगायची. मी विचारलं तर म्हणायची, "तुला नाही."

पण वाफ सुटली की टकळी अशी थांबायची की बघत राहावं. आम्ही मोठी माणसं गप्प झालो तरी आमचे डोळे फिरायचे, हात कामात असायचे. तिचा हात हवेत असेल तर हवेतच राहायचा. तोंड उघडं असेल तर उघडंच, जीभ त्या अक्षराच्या जागी टेकलेली. वाफ संपली की बरोबर पुढचं अक्षर. आम्हाला कोण कौतुक! सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "वळण बघा आमच्या नातीचं." मीही मिरवून घेतलं.

मग प्रकल्प वाढवायचं ठरलं. भिंतीपलीकडे मोठं नवं यंत्र येणार होतं. माझा नवरा तिथे कंत्राटावर फिटर होता, तो कायम होणार होता. आम्हाला आनंदच झाला, उगाच खोटं कशाला बोलू? आवाज मोजायचं यंत्र घेऊन एक बाई गल्लीत आल्या आणि उन्हातून येऊन माझ्या दुकानात टेकल्या.

"ताई, नव्या यंत्राचा तुम्हाला आवाजसुद्धा येणार नाही," त्या म्हणाल्या. "वाफ बाहेर सोडायचीच नाही, तीच फिरवून पुन्हा वापरायची. आणि एकदा सुरू झालं की सारखं चालू-बंद नाही. अखंड चालणार."

"म्हणजे आम्हाला आता सलग भांडता येईल?"

त्या खळखळून हसल्या. मी त्यांच्या कपाळावरचे केस नीट करून दिले. त्या बाईंवर माझा राग नाही. त्यांच्या यंत्राला जे मोजता येत होतं ते त्यांनी मोजलं.

यंत्र उभं राहिलं आणि आधी कान किटायची वेळ आली. नव्या नळांत राहिलेला कचरा उडवून लावायला त्यांतून जोराने वाफ सोडतात. नवरा सांगायचा, नळाच्या तोंडाशी चकचकीत पत्रा धरतात. त्यावर खड्डे पडायचे थांबले की नळ साफ झाला समजायचं. तोवर दिवसभर वाफच वाफ. माझ्या एका गिऱ्हाइकाचं अर्धं डोकं कापून व्हायला सकाळ गेली. टकळीचं एकेक वाक्य सुटं सुटं व्हायला लागलं. एक शब्द, मग थांबा, मग दुसरा शब्द. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. बोलणं म्हणजे असंच असतं, असं तिने धरलं होतं.

नळ एकदाचे साफ झाले आणि वाफ बंद झाली. गल्लीने हुश्श केलं. त्याच दिवसांतली एक दुपार. मी टकळीची वेणी घालत होते आणि ती म्हणाली, "आई, कावळ्यांना शाळा..."

ती थांबली. मीही थांबले. इतक्या वर्षांची सवय, हातात कंगवा धरून वाट बघत उभी राहिले. बराच वेळ गेला.

"...नसते ना?" ती म्हणाली.

"नसते," मी म्हणाले, आणि वेणीचा पुढचा पेड घेताना माझ्या लक्षात आलं. मघापासून मला भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. बाहेर इस्त्रीवाले काका शीळ घालत होते, तीही ऐकू येत होती. वाफ सुटलीच नव्हती. मी नुसत्या शिस्तीने माझ्या पोरीमागे उभी होते.

संध्याकाळी नवरा खुशीत घरी आला. "आज नवं यंत्र पहिल्यांदा फिरवून बघितलं. दुपारी, थोडाच वेळ. अगं, शेजारी उभं राहिलं तरी कळत नाही!"

मी कंगव्याची गोष्ट सांगितली. त्याने टकळीकडे बघितलं. ती त्याच्या डब्यातला उरलेला पाव खात होती आणि पावाला समजावत होती, की तुला दुखणार नाही.

"योगायोग," तो म्हणाला.

मलाही तसंच वाटायला हवं होतं. मी टकळीला घेऊन माहेरी गेले. माझ्या आईचं घर डोंगराच्या पलीकडे आहे. तिथून प्रकल्प दिसणं सोडाच, तिथे त्याचं नावही कुणाला माहीत नाही. टकळीने आईच्या घरात पाऊल टाकल्यापासून तिचं डोकं खाल्लं. मी म्हटलं, सुटलो. तिसऱ्या दिवशी ती पायऱ्यांवर उड्या मारत गाणं म्हणत होती आणि गाणं मध्येच तुटलं. एक पाय वर, एक खाली. आई हसून म्हणाली, "काय गं, विसरलीस?" मी आत जाऊन नवऱ्याला फोन लावला.

"काय चाललंय तिकडे?"

"चाचणी चालू आहे. आत्ताच फिरवायला घेतलं. तुला कसं कळलं?"

मी फोन कानाला धरून दारात उभी राहिले. "बंद झालं की सांग." तो का, कशाला, विचारत राहिला, मी पायरीकडे बघत राहिले. शेवटी तो म्हणाला, "हां, थांबवलं," आणि तो तेवढं बोलतोय तोवर पायरीवर गाणं पुढे सुरू झालं.

तिथल्या डॉक्टरांकडे नेलं. म्हातारे, शांत गृहस्थ. त्यांनी तिच्या डोक्याला तारा लावल्या, आलेख काढला, आणि आमच्या नशिबाने म्हणा किंवा दुर्दैवाने, ती त्यांच्यासमोरच थांबली. त्यांनी तिच्या डोळ्यांपुढे बोट फिरवलं. तिची नजर बोटाबरोबर फिरली, अगदी समजूतदारपणे.

"काही मुलांचं भान क्षणभर हरपतं," ते म्हणाले, "पण हे तसं नाही. भान पूर्ण जागेवर आहे. ती फक्त थांबली आहे."

"कशासाठी?"

"ते तुम्हालाच जास्त कळेल. मला कळलं असतं तर मी औषध दिलं असतं."

लांब राहून उपयोग नव्हता, मग बापापासून तिला तोडायची कशाला? आम्ही परत आलो.

नवं यंत्र कायमचं सुरू झालं त्या सकाळी प्रकल्पाच्या मैदानात भाषणं चालली होती. मी दुकान बंद ठेवून घरात बसले होते, जीव टांगणीला लागलेला. सासूबाई खिडकीत बसून बटणं लावत होत्या. टकळी बाहुली घेऊन त्यांच्या मांडीशी आली.

"आजी, हिचा एक डोळा..."

सासूबाईंनी सुई खाली ठेवली. मी दाराला टेकून उभी राहिले. बाहेर टाळ्या वाजल्या. टकळीने बाहुली पुढे धरली होती, ओठ किंचित उघडे, डोळे आजीवर. आम्ही वाट बघितली. चहा गार झाला. खिडकीतलं ऊन सरकून तिच्या पायांवर आलं आणि तिथून भिंतीवर गेलं. मधूनच सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्या मला घाबरलेल्या पहिल्यांदा दिसल्या.

ती अगदीच दगड झाली असती तर कदाचित लोकांनी आमचं ऐकलं असतं. पण शेवटी तिचा हात खाली आला. ती चालायची, खेळायची, जेवायची, झोपायची. घास भरवला की चावून गिळायची आणि तोंड पुन्हा त्याच आकारात आणून ठेवायची. हाक मारली की यायची. बघायची मात्र अशी, की पाहुणे बोलत असताना मूल आपली पाळी यायची वाट बघतं ना, तशी. तिची पाळी येत नव्हती. मी तिला मांडीवर घेऊन विनवलं, ओरडले, एकदा तर रागाच्या भरात गदगदा हलवलं. तिने माझा गाल कुरवाळला. मीच समजून घ्यायला हवं होतं, असा तो हात होता.

गल्ली बाहेरून बघायला छान झाली होती. दिवे स्वच्छ, वाफ नाही, आरसा स्थिर. पण माणसं कमी बोलायला लागली. इस्त्रीवाले काका विनोद सुरू करायचे आणि कपड्यांवरून इस्त्री फिरवत राहायचे. विचारलं तर म्हणायचे, "काही नाही, वाटलं थांबावं जरा." मोठ्यांचं तसंच चालून जातं, हातवाऱ्यांवर संसार होतात. पण दोन घरं सोडून एक बाळ होतं, त्याने या सुमारास पहिला शब्द बोलायला हवा होता. ते तोंड उघडून सगळ्यांकडे बघायचं, बस्स. त्याच्या आईला मी काही बोलले नाही.

नवऱ्याला मात्र मी सोडलं नाही.

"बंद कर ते."

"माझ्या बापाचं आहे का ते यंत्र?"

"बंद करता येतं की नाही?"

"यंत्राजवळ काचेआड बटण असतं. आग लागली, कुणी यंत्रात सापडलं, तर दाबायचं. उगाच दाबलं तर मला हाकलून देतील, आणि संध्याकाळपर्यंत ते पुन्हा सुरू करतील. मग काय मिळवलं?"

"तेवढा वेळ."

"दवाखाने आहेत गं. लिफ्टमध्ये माणसं असतात."

"दवाखान्यांची स्वतःची जनित्रं आहेत. लिफ्टमधली माणसं थोडा वेळ बोंबलतील. बोंबलता तरी येईल त्यांना."

तो उठून बाहेर गेला. माझं चुकत होतं हे मला कळत होतं, तरी मी उद्या पुन्हा तेच म्हणणार होते. पण वेळ आली नाही. दुसऱ्या सकाळी तो बूट घालायला बसला, तेव्हा टकळी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिने त्याच्या खांद्याला धरून त्याला खाली वाकवलं, त्याच्या कानाशी हात धरला आणि तोंड नेलं. काहीच आलं नाही. तिने तोंड काढून घेतलं, गोंधळून त्याच्याकडे बघितलं आणि दुसऱ्या कानापाशी गेली. नवरा बुटाची नाडी तशीच सोडून निघून गेला.

दुपारी दुकानात एका बाईंचे ओले केस मी ड्रायरने वाळवत होते. ड्रायर बंद पडला. पंखा मंदावला. आणि मग जमिनीतून काहीतरी निघून गेलं. तळपायांना इतके दिवस मुंग्या होत्या, हे त्या गेल्यावर कळलं.

आतल्या खोलीतून आवाज आला, "...कुणी काढला?"

सासूबाईंनी किंकाळी फोडली. मी कंगवा टाकून धावले. टकळी आजीला गदागदा हलवत होती. "सांग ना आजी, बाहुलीचा डोळा कुणी काढला? आणि मला ना, तो भाजीतला कडू तुकडा नको होता, तरी आईने भरवला. आणि आई, तू मला हलवलंस ते मला आवडलं नाही. आणि पाल कुठे गेली? आणि काकांनी..." मी तिला कवटाळलं तर माझ्या खांद्यात तोंड दाबलं गेलं, तरी तिचं चालूच. मी रडत होते आणि हसत होते आणि तिला म्हणत होते, बोल, बोल, बोल.

गल्लीत एकच कालवा उठला. इस्त्रीवाले काका रस्त्यात उभे राहून स्वतःच्याच विनोदावर हसत होते. समोरची बाई रिकाम्या घरात ओरडत होती, "...आणि येताना दूध आण!" दोन घरं सोडून ते बाळ जोरात म्हणालं, "बा." नुसतं "बा." त्याची आई त्याला उचलून दारात धावत आली.

टकळीचा श्वास लागला तेव्हा ती थांबली, आणि मग तिने इकडेतिकडे बघितलं.

"बाबा कुठेय?"

"येईल. मला सांग ना अजून."

"उरलेलं बाबाला सांगायचंय. तुला नाही."

"मग आजीला सांग," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा हात तिच्या पाठीवरून सुटत नव्हता.

"आजीला पण नाही. कानातलं आहे."

ती दारात जाऊन बसली. मी नवऱ्याला फोन लावला, लागला नाही. तो कुठे असेल हे मला पक्कं ठाऊक होतं. प्रकल्पाच्या फाटकाशेजारच्या खोलीत त्याला बसवून घेतलं असेल, का दाबलंस विचारत असतील, आणि त्याला खरं सांगता येत नसेल. मी मनातल्या मनात सगळ्यांचे पाय धरले. त्याला सोडा, शिक्षा उद्या द्या. टकळी उन्हात बसून पायांना काहीबाही सांगत होती. मी तिचा एकेक शब्द ऐकत होते आणि प्रत्येक शब्दाला वाटत होतं, हा वाया चाललाय.

ऊन उतरायला लागलं तेव्हा तो गल्लीच्या तोंडाशी दिसला. धावत होता. गळ्यातला पास नव्हता, पासाची दोरीही नव्हती. मी ओरडले, "बोलतेय! अरे, बोलतेय ती!" तो अडखळला, पुन्हा धावला.

टकळी उडी मारून उठली. "बाबा! किती उशीर! खाली बस, खाली बस!"

तो रस्त्यातच गुडघ्यांवर बसला. त्याला धाप लागली होती. तिने त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून वळवलं, मी ऐकत नाही ना हे एकदा बघून घेतलं, आणि त्याच्या कानाशी तळहात धरला.

"बाबा, मी ना..."

माझ्या दुकानातला ड्रायर घरघरला. पंखा फिरायला लागला. समोरच्या घरातला दिवा लागला आणि गल्लीतले आवाज एकामागून एक खाली आले. माझ्या तळपायांना मुंग्या आल्या.

तिचा तळहात त्याच्या कानाशी तसाच होता. ओठ किंचित उघडे. तिच्या श्वासाने त्याच्या कानावरचे केस हलत होते. मी जवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पुन्हा कधी ते बटण दाबायला त्याला कुणी आत सोडणार नव्हतं, हे त्यालाही कळत होतं.

"ऊठ रे," मी म्हणाले. "आत चल. गुडघे दुखतील."

त्याने मान जरासुद्धा हलवली नाही.

"थांब," तो म्हणाला. "तिचं सांगून व्हायचंय."